ग्रेगरीचं कबूतर आणि फ्रँकांचा शिक्का

गाण्याची आवड असलेल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर हा मजकूर माझ्याकडे तिसऱ्यांदा आला. या वेळी मेणबत्त्यांचा फोटोही होता आणि खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग होती. मजकूर थोडक्यात असा: "सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांच्या खांद्यावर पवित्र आत्मा कबुतराच्या रूपात येऊन बसे आणि त्यांच्या कानात सुरावटी सांगे. पोप त्या सुरावटी लेखनिकाकडून उतरवून घेत. म्हणून या गायनाला ग्रेगोरियन चांट म्हणतात. रोमचं हे गायन चौदाशे वर्षांत एका सुरानेही बदललेलं नाही. त्याची स्वरनावं आपल्या सा-रे-ग-म वरून घेतलेली आहेत. त्यातल्या ५२८ हर्ट्झच्या कंपनांनी शरीरातल्या पेशी दुरुस्त होतात, पण चर्चने हे ज्ञान दडवून ठेवलं."

एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका बसवायच्या म्हणजे कसबच लागतं. पण सगळ्या चुका एका तोलाच्या नाहीत. कबुतराची गोष्ट हजार वर्षं जुनी आहे आणि ती पसरवणारे लोक भाबडे मुळीच नव्हते. ५२८ची गोष्ट कालपरवाची आहे. म्हणून पहिलीला जास्त वेळ देतो.

ज्यांनी हे गायन ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, आणि मठांमधल्या प्रहराप्रहराच्या प्रार्थनांत लॅटिन शब्द गायले जातात. सगळे मिळून एकच सुरावट गातात. साथीला वाद्य नाही, खाली ताल नाही. कधी एका अक्षरावर एक सूर, तर कधी 'आलेलुया'च्या शेवटच्या 'या'वर लांबच लांब आलाप.

आता कबूतर.

पहिला ग्रेगरी ५९० ते ६०४ पोप होता. माणूस मोठाच. पोप होण्याआधी रोम शहराचा कारभारी, मग वडिलोपार्जित घराचा मठ करून त्यात राहिलेला, मग कॉन्स्टँटिनोपलला पोपचा वकील. त्याची साडेआठशेच्या आसपास पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यात जमिनी, धान्य, इटलीत घुसलेल्या लोंबार्ड टोळ्यांशी वाटाघाटी, स्वतःचं आजारपण, सगळं येतं. गाण्याच्या रचना केल्याचा मात्र कुठे उल्लेख नाही. इंग्लंडमधला इतिहासकार बीड याने ७३१ मध्ये ग्रेगरीच्या ग्रंथांची यादी दिली. त्या यादीत भाष्यं आहेत, प्रवचनं आहेत, गाण्यांचा संग्रह नाही.

उलट त्याच्या हातचा जो एक ठळक निर्णय गायनाशी जोडता येतो तो गायकांना न रुचणारा आहे. ५९५ मध्ये रोममध्ये भरलेल्या धर्मसभेत त्याने ठराव केला: डीकनांनी, म्हणजे पुरोहिताच्या खालच्या पायरीवरच्या धर्मसेवकांनी, मिस्सेत शुभवर्तमान वाचावं, स्तोत्रं गाऊ नयेत. ते काम त्यांच्याहून खालच्या सेवकांनी करावं. कारण काय, तर गोड गळ्याच्या माणसांना डीकन करायची प्रथा पडली होती. ते गळ्याच्या कसरतीत रमत आणि प्रवचन व दानधर्म ही त्यांची खरी कामं मागे पडत. गोड आवाज शोधताना योग्य आचरण शोधायचं राहून जातं, असं त्या ठरावाचं म्हणणं आहे. ज्याच्या नावाने जगातलं सर्वांत प्रसिद्ध धार्मिक गायन ओळखलं जातं, त्याची गाणाऱ्यांविषयीची ही नोंद!

न्यायाने सांगायचं तर त्याने उपासनेच्या क्रमात फेरफार केले. ५९८च्या एका पत्रात तो त्यांची बाजू मांडतो, कारण तो कॉन्स्टँटिनोपलची नक्कल करतो अशी कुजबुज सिसिलीत सुरू होती. आलेलुया कधी म्हणायचा, 'किरिये एलेइसोन' ('प्रभो, दया कर') कुणी म्हणायचं, असे ते मुद्दे आहेत. व्यवस्था लावणारा माणूस दिसतो, वाग्गेयकार दिसत नाही.

कबूतर आलं कुठून मग? त्याच्या जुन्या चरित्रांतच ते आहे. पण तिथे ते बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथावर ग्रेगरी भाष्य करत असताना येतं. गाण्याचा संबंधच नाही. पुढे कुणीतरी त्याच कबुतराला संगीताच्या कामाला लावलं. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन मठात हार्टकर नावाच्या संन्याशाने इसवी सन १०००च्या सुमारास एक भलं मोठं गीतहस्तलिखित लिहिलं. त्यातल्या चित्रात ग्रेगरी बसलेला आहे, कबूतर कानाशी आहे, आणि समोरचा लेखनिक जे लिहितो आहे त्या चक्क सुरांच्या खुणा आहेत.

या चित्रातच "पोप उतरवून घेत" हा दावा अडकतो. ग्रेगरीच्या काळी पश्चिम युरोपात सूर लिहिण्याची चालू पद्धतच नव्हती. यासाठी साक्षीदारही अगदी घरचा मिळतो. सेव्हिलचा बिशप लिआंडर हा ग्रेगरीचा मित्र, ग्रेगरीने आपला सर्वांत मोठा ग्रंथ त्यालाच अर्पण केला. या लिआंडरचा धाकटा भाऊ इसिडोर. त्याने आपल्या ज्ञानकोशात स्पष्ट लिहिलं आहे की सूर माणसाच्या स्मरणात राहिले नाहीत तर नष्ट होतात, कारण ते लिहिता येत नाहीत. सुरांच्या खुणा, म्हणजे न्यूम, दिसू लागतात त्या नवव्या शतकात. संपूर्ण वर्षाची मिस्सागीतं खुणांसह असलेली पुस्तकं तर दहाव्या शतकाच्या आरंभाची. ग्रेगरी जाऊन तोवर तीनशे वर्षं झाली होती.

आणि त्या खुणाही कशा? शब्दांच्या डोक्यावर बारीक रेघोट्या, टिंबं, हुकासारखी वळणं. ना रेषा, ना सप्तक. आवाज इथे चढतो, इथे दोन सुरांत उतरतो, इथे जरा थांबतो, एवढंच कळतं. किती चढतो हे कळत नाही. भातखंडे लिपीतली बंदीश बघून अनोळखी माणूसही चाचपडत का होईना गाऊ शकतो. इथे तसं नाही. ज्याने गुरूसमोर बसून चीज आधीच घोटली आहे, त्याला आठवण करून देण्यापुरत्याच त्या खुणा.

*

आता मूळ मुद्दा: "म्हणून याला ग्रेगोरियन म्हणतात" आणि "रोमचं हे गायन". नाव आणि गाव, दोन्हींत गोम आहे.

७५३-५४च्या हिवाळ्यात पोप दुसरा स्टीफन आल्प्स ओलांडून फ्रँकांच्या राज्यात, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीकडे, गेला. लोंबार्ड रोमच्या उरावर बसले होते आणि त्याला फौज हवी होती. फ्रँकांचा राजा पेपिन याने नुकतीच जुन्या घराण्याची गादी बळकावली होती. त्याला धर्माची मान्यता हवी होती. ७५४ मध्ये सँ-दनी इथे पोपने पेपिनला अभिषेक केला. दोघांचंही काम झालं. या व्यवहाराबरोबर रोमची उपासनापद्धत आणि तिचं गायन फ्रँकांकडे गेलं, आणि त्यांचं स्वतःचं गॅलिकन गायन मोडीत निघालं.

पोपला आणायला रोमला गेलेला मेट्झचा बिशप क्रोडेगांग याने परत येऊन आपल्या लोकांना रोमन गायन शिकवलं. मेट्झच्या गायकीचा पुढे मोठा दबदबा झाला. रुआंचा बिशप रेमिजियस हा पेपिनचा सावत्र भाऊ. त्याच्याकडे रोमच्या गायकशाळेतला दुसऱ्या क्रमांकाचा गायक सिमेऑन शिकवायला आला. शिकवणी अर्ध्यावर असताना रोममधला मुख्य गायक वारला आणि सिमेऑनला परत बोलावून घेतलं. मग रुआंचे मठवासी उरलेलं शिक्षण घ्यायला रोमला गेले. हे सगळं पोप पहिल्या पॉलच्या पेपिनला लिहिलेल्या पत्रात आहे. पेपिनचा मुलगा शार्लमेन याने ७८९च्या फर्मानात हेच पुन्हा बजावलं: पुरोहितांनी रोमन गायन शिकलंच पाहिजे, माझ्या वडिलांनी ठरवलं होतं तसं.

हजारो ओळींचं गाणं, लिपी नाही, शिकवणारे मूठभर, शिकणारे दुसऱ्या भाषेचे आणि दुसऱ्या गायकीत मुरलेले. काय झालं असेल ते कुठल्याही गाणाऱ्या माणसाला सांगावं लागू नये.

शंभर वर्षांनी दोन्ही बाजूंनी एकमेकांवर फोडलेली खापरं वाचण्यासारखी आहेत. रोममध्ये ८७०च्या दशकात योहान डीकन याने पोपच्या सांगण्यावरून ग्रेगरीचं चरित्र लिहिलं. त्याच्या मते गाणं उत्तरेकडच्यांनी बिघडवलं: आल्प्सपलीकडची ती धिप्पाड शरीरं, दारूने खरवडलेले गळे, नाजूक जागा घ्यायला जावं तर जिन्यावरून गाडे गडगडत यावेत तसा आवाज. पलीकडे सांक्ट गालेनचा नॉटकर दहा-पंधरा वर्षांनी नेमकी उलटी कहाणी सांगतो. शार्लमेनने रोमहून बारा गायक मागवले. त्यांना फ्रँकांचा मत्सर वाटला आणि त्यांनी आपसांत ठरवून प्रत्येक गावी वेगवेगळं आणि चुकीचं शिकवलं. राजाने एका वर्षी एका शहरात नाताळ केला, पुढल्या वर्षी दुसऱ्या शहरात, आणि त्याला दोन ठिकाणी दोन गाणी ऐकू आली. तेव्हा बिंग फुटलं.

दोन्ही गोष्टी रंगवलेल्या आहेत, पण दोघांनाही एक गोष्ट मान्य आहे: रोममध्ये गातात ते आणि फ्रँक गातात ते वेगळं आहे.

हे वेगळेपण आज डोळ्यांनी पाहता येतं. खुद्द रोममध्ये वापरलेली, सुरांसह लिहिलेली जुनी पुस्तकं आजवर पाच सापडली आहेत. त्यांतलं सर्वांत जुनं १०७१चं, त्रास्तेवेरेमधल्या सांता चेचिलिया चर्चचं. त्यातले शब्द बहुतेक तेच, सणांचा क्रम तोच, सुरावट मात्र 'ग्रेगोरियन' नव्हे. काही ठिकाणी सांगाडा ओळखू येतो, पण अंगावरचे दागिने वेगळे. रोमची चाल लगतच्या सुरांवरून घरंगळत जाणारी, जास्त नक्षीची. अभ्यासक आज तिला 'जुनं रोमन' म्हणतात. म्हणजे आपण ज्याला ग्रेगोरियन म्हणतो ते रोमच्या गाण्यावर फ्रँकांचे संस्कार होऊन आठव्या-नवव्या शतकांत ऱ्हाईन आणि सीनच्या खोऱ्यांत घडलेलं गाणं आहे. रोमने स्वतः ते पूर्णपणे स्वीकारलं तेराव्या शतकात. लेक सासरी गेली, सासरचं वळण घेऊन पाचशे वर्षांनी माहेरी आली, आणि माहेरच्यांनी जुनी रीत सोडून तिचीच रीत उचलली.

मग नाव ग्रेगरीचं का? कारण फ्रँकांना ते लागत होतं. "हे आम्ही आमच्या गळ्याने घडवलं" असं म्हणून कुठलाही मठ जुनं गाणं सोडत नाही. "हे संत ग्रेगरीने घालून दिलं" म्हटलं की वाद मिटतो. आठव्या शतकाच्या अखेरीपासून गीतपुस्तकांच्या आरंभी एक लॅटिन पद्य येऊ लागतं. कर्तृत्वाने आणि नावानेही थोर अशा धर्मगुरू ग्रेगरीने हे संगीतकलेचं पुस्तक गायकशाळेसाठी रचलं, असा त्याचा आशय. कोणता ग्रेगरी ते पद्य सांगत नाही. ७१५ ते ७३१ दुसरा ग्रेगरी पोप होता, त्याच्यामागून ७४१ पर्यंत तिसरा. पद्य लिहिणाऱ्याच्या मनात यांच्यापैकी कुणी असण्याची शक्यता अभ्यासकांनी मांडली आहे. ऐकणाऱ्यांनी मात्र पहिलाच धरला. नवव्या शतकाच्या मध्यावर पोप चौथा लिओ एका मठाधिपतीला दटावतो तेव्हा 'ग्रेगरीचं गायन' हे शब्द तयारच असतात. गंमत म्हणजे ते गायन न मानणाऱ्या मठाला बहिष्काराची धमकीही त्याच पत्रात आहे.

दुसऱ्या ग्रेगरीची एक खूण तर पुस्तकात शिल्लक आहे आणि मला ती फार आवडते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात रोजच्या मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जे गीत गातात, त्याचे शब्द बायबलमधल्या क्रमांकित स्तोत्रांतून ओळीने घेतलेले आहेत. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, स्तोत्र १, शुक्रवारी स्तोत्र २, असं करत झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आदल्या शुक्रवारी स्तोत्र २६. मधली चार-पाच गीतं नंतर बदलली गेली, पण माळ स्पष्ट दिसते. गुरुवार मात्र या माळेत ओवलेले नाहीत. कारण उपवासकाळातल्या गुरुवारी रोममध्ये मिस्साच होत नसे, ती सुरू केली दुसऱ्या ग्रेगरीने. तिच्यासाठी गाणी इकडून तिकडून गोळा केली. म्हणजे पहिल्या ग्रेगरीच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी पुस्तकाला ठिगळं लावणं चालूच होतं, आणि शिवण अजून उसवलेली दिसते.

मराठी माणसाला हे नामकरण परकं वाटू नये. दगडाचं जुनं देऊळ दिसलं की आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. अंबरनाथचं शिवमंदिर १०६०चं, शिलाहारांचं. हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांकडे कारभारी झाला त्यानंतर दोनशे वर्षांनी. तरी फलकावर आणि तोंडात शब्द तोच. मोडी लिपीसुद्धा त्याच्याच खात्यावर. ग्रेगरीच्या बाबतीत फरक इतकाच की नाव नुसतं चिकटलं नाही, ते हत्यारासारखं वापरलं गेलं. दक्षिण इटलीत बेनेव्हेंतोचं स्वतंत्र गायन होतं, १०५८ मध्ये मोंते कासिनोच्या मठात पोपने त्याला बंदी केली. स्पेनची जुनी उपासनापद्धत १०८०च्या बुर्गोस धर्मसभेने बाजूला सारली. तिच्या सुरावटी रेषा नसलेल्या खुणांत आहेत, त्यामुळे पानं सुंदर आहेत आणि गाणं बहुतांशी गेलं. टिकलं ते मिलानचं, कारण त्यांच्याकडे ग्रेगरीहून दोनशे वर्षं जुना संत होता, ३९७ साली वारलेला अँब्रोझ. नावाला नाव भिडलं. ते गायन आजही अँब्रोझियन म्हणूनच चालतं.

जाता जाता 'प्लेनचांट' या दुसऱ्या नावाबद्दल. त्यातला 'प्लेन' साधा-सोपा अशा अर्थाचा नाही. तेराव्या शतकात ठरावीक मात्रांत मोजलेलं बहुस्वरी संगीत रुळलं, त्याच्यापासून वेगळं दाखवायला 'कांतुस प्लानुस' हा शब्द पक्का झाला: न मोजलेलं, सपाट. ते गायला साधं आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा गाऊन बघावं.

*

"चौदाशे वर्षांत एका सुरानेही बदललेलं नाही." पहिली दोनशे वर्षं तर वर गेलीच. नंतरचंही ऐका. १६१४-१५ मध्ये रोमला छापलेल्या अधिकृत आवृत्तीत लांब आलाप छाटले आणि लॅटिन उच्चारांना बरं दिसेल अशा रीतीने सूर एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकवले. एकोणिसाव्या शतकात त्याच वळणाची आवृत्ती छापण्याचा तीस वर्षांचा मक्ता जर्मनीतल्या एका प्रकाशकाला मिळाला होता. दरम्यान फ्रान्समध्ये सोलेम इथला मठ १८३३ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि तिथले बेनेडिक्टाईन मठवासी युरोपभर हस्तलिखितं शोधत फिरू लागले. १८८९ पासून त्यांनी पानांचे फोटो छापायला सुरुवात केली. त्यांतलं एक काम अचाट आहे. 'युस्तुस उत पाल्मा', म्हणजे 'नीतिमान ताडासारखा बहरेल', हे एकच गीत त्यांनी वेगवेगळ्या काळांतल्या, वेगवेगळ्या देशांतल्या दोनशेहून अधिक हस्तलिखितांतून एकापुढे एक मांडलं. पाहा, जुना पाठ कोणता आणि छाटलेला कोणता. १९०३ मध्ये पोप दहाव्या पायसने या पुनरुद्धाराच्या बाजूने आदेश काढला, १९०८ मध्ये व्हॅटिकनचं मिस्सागीतांचं पुस्तक निघालं. आज यूट्यूबवर जे ऐकतो ते या शोधाचं फळ आहे. त्यातली लय कशी धरायची यावर तर अजून एकमत नाही.

सा-रे-ग-मचा दावा लवकर उरकतो. आपली अक्षरं षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम या नावांची आद्याक्षरं आहेत. युरोपातली अक्षरं अकराव्या शतकात इटलीतला संगीतशिक्षक, अरेझ्झोचा ग्विदो याने संत योहानाच्या स्तोत्रातून काढली. त्या स्तोत्राच्या पहिल्या सहा तुकड्यांतला प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होतो: उत क्वेआंत लाक्सिस, रेसोनारे फिब्रिस, मिरा गेस्तोरुम, फामुली तुओरुम, सोल्वे पोल्लुती, लाबीई रेआतुम. उत, रे, मी, फा, सोल, ला. 'उत'चं 'दो' नंतर झालं. दोन्हीकडे दुसरा सूर 'रे' आहे हा योगायोग, आणि त्यांचा 'मी' म्हणजे आपला ग, 'फा' म्हणजे आपला म. बरं, ग्विदोचं खरं मोठं काम वेगळंच. त्याने रेषांवर सूर बसवले, एक रेष लाल, एक पिवळी, आणि दहा वर्षांची घोकंपट्टी एक-दोन वर्षांवर आणली. पोप एकोणिसाव्या जॉनने त्याला बोलावून घेतलं, पुस्तक चाळलं आणि कधी न ऐकलेली ओळ स्वतः वाचून गायली. पोपने सूर लिहिल्याची आख्यायिका आहे. पोपने सूर वाचल्याची ही नोंद खरी आहे.

राहिलं ५२८. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला इतकी कंपनं. मठात तंबोराही नव्हता, सूर मोजायचं यंत्र कुठून? गाणाऱ्यांच्या गळ्याला सोसेल तिथे सूर धरायचा, जसा आपण षड्ज लावतो. तरीही हा दावा त्याच्याच पट्टीने तपासता येतो. ५२८चा प्रचार करणाऱ्या मंडळींनी ग्विदोच्या सहा सुरांना सहा आकडे वाटले आहेत: ३९६, ४१७, ५२८, ६३९, ७४१, ८५२. तंबोरा घ्या, ३९६ला षड्ज लावा. ग्विदोच्या हिशेबाने पुढे शुद्ध रे, ग, म, प, ध यायला हवेत. ४१७ला येतो जवळजवळ कोमल रे. ५२८ बरोब्बर चार-तृतीयांश, म्हणजे शुद्ध मध्यम, गांधार गेलाच. ६३९ कोमल धैवताच्या थोडा वर, पंचमही गेला. ७४१ शुद्ध निषादाच्या अंगाने. आणि ८५२ तर सप्तक ओलांडून तार कोमल रेच्याही वर. या सहा सुरांत ते स्तोत्र गाऊन दाखवणाऱ्याचा मी शिष्य होईन. आकडे आले कुठून ते त्यांच्याकडे बघून कळतं: ३९६ फिरवा, ६३९ मिळतो, ४१७ फिरवा, ७४१, ५२८ फिरवा, ८५२. पाटीवरचा अंकांचा खेळ आहे.

आणि दडवलेलं म्हणाल, तर ज्या स्तोत्रातून हे सूर आले ते प्रार्थनापुस्तकात आहे, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माच्या सणाला, २४ जूनच्या सायंप्रार्थनेत. गोव्यात त्या दिवशी सांजांव असतो. डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात.